सेल्फ घेत नाही म्हणून लगेच नवीन बॅटरी आणू नका, आधी हे बघा

गाडी स्टार्ट होईना की बरेच जण डायरेक्ट बॅटरी बदलून मोकळे होतात आणि आठवड्याने परत तेच रडगाणं. आधी नीट कान द्या. सेल्फ (म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी स्टार्टर मोटर) नेहमीसारखा जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीच्या मागे लागू नका, पेट्रोल गाडी असेल तर चावी ऑन केल्यावर मागून फ्युएल पंपाचा दोनेक सेकंद घूंऽ आवाज येतो का ऐका, आणि मीटरवर इमोबिलायझरचा (चावी ओळखल्याशिवाय गाडी चालू होऊ न देणारी चोरीविरोधी सिस्टिम) लाईट लुकलुकतच राहिला तर दुसरी चावी लावून बघा.

नुसतं टकटकटक वाजतंय म्हणजे बहुतेक बॅटरी उतरलीय नाहीतर टर्मिनल ढिलं आहे. एकच जोरात टक् आणि पुढे काही नाही, तर सोलेनॉइड (सेल्फवरचा, त्याला करंट जोडून देणारा मोठा स्विच), सेल्फ किंवा जाड केबल. अजिबातच आवाज नाही? क्लच पूर्ण दाबून, ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रलला टाकून परत ट्राय करा, तिथला स्विच गंडला तरी सेल्फला सप्लाय जात नाही. मग फ्यूज बघा, आणि रिले (फ्यूज बॉक्समधला छोटा इलेक्ट्रिक स्विच) तर सेम नंबरचा दुसरा लावला की लगेच कळतं.

आता मल्टीमीटर घ्या, डीसी 20 व्होल्टवर ठेवा. गाडी रात्रभर उभी असेल तर फुल चार्ज बॅटरी साधारण 12.6 दाखवते, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, त्याशिवाय पुढच्या टेस्टला अर्थ नाही. चार्ज असूनही सेल्फ मारताना 9.6 च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी गेली असं धरा.

बॅटरी पास झाली तरी सेल्फ मरगळलेलाच, तर अर्थिंग बघा, म्हणजे बॅटरीच्या मायनसपासून इंजिन-बॉडीला जाणारी जोडणी, आणि हेच लोक सोडून देतात. इथे मीटर ओहमवर (रेझिस्टन्स मोजायच्या मोडवर) ठेवून वायर चेक करण्यात काही राम नाही, केबलच्या दोन तारा शाबूत असल्या तरी मीटर ओके म्हणतो पण सेल्फला शंभराच्या वर अँपिअर लागतात, ते त्या दोन तारांतून कुठून जाणार! एक प्रोब बॅटरीच्या मायनस खांबावर टेकवा (क्लँपवर नाही हं), दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर, हँडब्रेक ओढून गाडी न्यूट्रलला ठेवून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा, हात बेल्टपासून लांब. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थिंगची केबल काढा, दोन्ही टोकं घासून चकचकीत करा, कडक आवळा. बॅटरीचं मायनस काढताना आधी, लावताना शेवटी. प्लस खांब ते सेल्फचा जाड बोल्ट, तिथेही हीच टेस्ट.

गाडी चालू झाली की बॅटरीवर 13.8 ते 14.5 च्या आसपास यायला हवं, 12 वरच अडकलं तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) चार्ज करत नाहीये. चार्जिंग बरोबर असून सकाळी बॅटरी डाऊनच मिळते, तर गाडी बंद करून अर्ध्या तासाने मायनसच्या लायनीत, म्हणजे मायनसचा क्लँप काढून खांब आणि क्लँपच्या मधे, अँपिअर मोडवर मीटर लावा, 50 मिलीअँपिअरच्या बरंच वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याच्यावर आकडा पडला ते सर्किट पकडा. मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.