लॉगिननंतर सेशन रिकामे: माझा अनुभव

एक्सप्रेसवर (नोड या सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीसाठीचे वेब फ्रेमवर्क) लिहिलेले माझे वेब अ‍ॅप्लिकेशन स्वतःच्या संगणकावर बिनचूक चालत होते. सर्व्हरवर चढवल्यावर मात्र लॉगिन यशस्वी होऊनही पुढच्याच पानावर सेशन (वापरकर्त्याच्या लॉगिनची सर्व्हरने लक्षात ठेवलेली माहिती) रिकामे मिळे आणि वापरकर्ता पुन्हा लॉगिनच्या पानावर येऊन पडे. पहिला संशय मी सेशनची माहिती साठवणाऱ्या रेडिस या डेटाबेसवर घेतला आणि त्यात पूर्ण एक दिवस गेला. पण रेडिसमध्ये प्रत्येक लॉगिनगणिक नवी नोंद तयार होत होती, म्हणजे माहिती साठवली जात होती. ती कोणाची, हे पुढच्या विनंतीवरून ओळखता येत नव्हते.

मग ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडून लॉगिनच्या उत्तरातले हेडर (उत्तरासोबत येणाऱ्या माहितीच्या ओळी) एकेक करून वाचले. त्यात ब्राउझरला कुकी (पुढच्या विनंतीत वापरकर्ता ओळखण्याची छोटी खूण) देणारे ‘सेट-कुकी’ हे हेडरच नव्हते. ही तपासणी सर्वांत आधी करायला हवी, कारण कुकी ब्राउझरपर्यंत पोहोचतच नसेल तर स्टोअर (इथे रेडिस) तपासून काही हाती लागत नाही.

कुकी फक्त सुरक्षित जोडणीवरूनच पाठवणारा ‘सिक्युअर’ पर्याय मी चालू ठेवला होता, आणि एचटीटीपीएस ही सुरक्षित जोडणी एनजिनएक्स या मधल्या प्रॉक्सी सर्व्हरपाशीच संपून पुढे नोडकडे साधे एचटीटीपी जात होते. त्यामुळे जोडणी सुरक्षित नाही असे समजून सेशन मिडलवेअर (अ‍ॅपमधला सेशन सांभाळणारा भाग) कुकी पाठवतच नव्हते, तेही पानावर कोणतीही त्रुटी न दाखवता. मध्ये एकच प्रॉक्सी असल्याने मी एक्सप्रेसमध्ये प्रॉक्सीवर विश्वास ठेवायला सांगणाऱ्या ‘ट्रस्ट प्रॉक्सी’चे मूल्य 1 केले आणि एनजिनएक्सकडून मूळ जोडणी एचटीटीपीएस होती हे कळवणारे ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हे हेडर पुढे जाईल अशी ओळ जोडली. ‘सिक्युअर’ बंद करूनही काम भागले असते, परंतु मग तीच कुकी असुरक्षित जोडणीवरूनही जाऊ शकते, म्हणून तो मार्ग मी घेतला नाही. दोन्ही सेवा पुन्हा सुरू केल्यावर कुकी आली आणि सेशन टिकले.