तळमजल्यावरचा बँड: ट्रान्समिटिंग स्टेशनचा सराव शाळेत कसा घ्यावा

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश युद्धनौकांवर रॉयल मरीन्सचे, म्हणजे नौदलातल्या सैनिकी दलाचे, बँडवादक असत. सकाळी आठला झेंडा चढताना राष्ट्रगीत, रविवारी प्रार्थना, रात्री अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या वेळी वाद्यवृंद. म्हणून बहुतेकांना एक फुंकवाद्य आणि एक तंतुवाद्य अशी दोन्ही यावी लागत. लढाईचा इशारा झाला की वाद्यं ठेवून हीच मंडळी जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखालच्या ट्रान्समिटिंग स्टेशनात उतरत. तिथे तोफांचा पल्ला काढणारं यांत्रिक गणकयंत्र असे. हूड या युद्धनौकेवर ड्रायर टेबल नावाचं यंत्र होतं, १९२७ मध्ये सेवेत आलेल्या नेल्सन आणि रॉडनी या नौकांवर अ‍ॅडमिरल्टी फायर कंट्रोल टेबल. तबकडीवरचा काटा सरकला की हातचाक फिरवून आपला काटा त्याच्याशी जुळवायचा आणि नजर हटू द्यायची नाही, हे त्यातल्या बऱ्याच जणांचं काम.

या कामाचा गाभा कागद-पेन्सिलीवर करून बघता येतो. शाळेचं बँडपथक किंवा एनसीसीचा नौदल विभाग असेल तर उत्तमच, कारण ताल मोजणारी मुलं यात पटकन रुळतात.

सामान: ए-३ आकाराचा सेंटिमीटरचा आलेखकागद, पारदर्शक पट्टी, पेन्सिली, मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र), एक फासा, एक घंटा. माणसं सात: पल्ला वाचणारे तीन, ठिपके देणारा एक, रेषा धरणारा एक, तोफेचा पल्ला सांगणारा एक आणि पंच.

कागद उभा धरा. आडव्या अक्षावर १ सेंमी म्हणजे १५ सेकंद, उभ्यावर १ सेंमी म्हणजे १०० यार्ड. वर २०,५००, खाली १७,०००.

खरे आकडे फक्त पंचाकडे. सुरुवातीला शत्रू २०,००० यार्डांवर, मिनिटाला ६०० यार्ड जवळ येतोय. म्हणजे दर १५ सेकंदांनी १५० यार्ड कमी. वाचकांच्या चिठ्ठ्या पंचाने आधीच तयार कराव्यात. प्रत्येक आकड्यासाठी फासा टाका: १ आला तर ३०० वजा, २ ला २०० वजा, ३ ला १०० वजा, ४ ला १०० अधिक, ५ ला २०० अधिक, ६ ला ३०० अधिक. रेंजफाइंडर, म्हणजे जहाजावरची पल्ला मोजणारी यंत्रं, असेच चुकत, आणि तिघेही एकसारखे चुकत नसत.

मेट्रोनोम ६० वर, म्हणजे सेकंदाला एक ठोका, लावा. दर पंधराव्या ठोक्याला पहिला वाचक आकडा सांगतो, दोन ठोक्यांनी दुसरा, आणखी दोन ठोक्यांनी तिसरा. तिन्ही ठिपके एकाच उभ्या रेषेवर. चार सेकंदांत शत्रू ४० यार्डच सरकतो, फाशाच्या चुकीपुढे ते काहीच नाही. आकडे सुटे म्हणा: 'एक नऊ आठ पाच शून्य'. गोंगाटात 'साठ' आणि 'आठ' हमखास गल्लत करतात.

पहिलं मिनिट रेषा धरायची नाही. तोवर बारा ठिपके पडतात. मग पट्टी अशी ठेवा की निम्मे ठिपके वर, निम्मे खाली राहतील. चार सेंमी पुढे गेल्यावर रेषा किती सेंमी उतरली ते मोजा. सहा उतरली तर मिनिटाला ६००. ठिपके एकमेकांना जोडणं आणि शेवटच्या ठिपक्यामागे धावणं या दोन चुका सर्रास होतात. दोन्हींत रेंजफाइंडरची चूक थेट तोफेपर्यंत पोहोचते.

आता तोफ. गोळा पोहोचायला ३० सेकंद धरा. दुसऱ्या मिनिटाला रेषा १८,८०० दाखवत असेल, तर गोळा पडेपर्यंत शत्रू ३०० यार्ड जवळ आलेला असेल. म्हणून सांगायचं १८,५००. घंटा वाजवा, मेट्रोनोम बंद करा आणि तीस ठोके मनात मोजायला लावा. बँडमधली मुलं इथे उठून दिसतात. मोजणी संपली की पंच सांगतो: किती तोकडी, किती लांब. ही दुरुस्ती फक्त तोफेच्या पल्ल्यात करा. आलेखावरचे ठिपके सरकवले तर पुढची रेषाही बिघडते.

तिसऱ्या मिनिटाला पंच गुपचूप शत्रूला वळवतो: पल्ला आता मिनिटाला २०० यार्ड वाढतोय. त्याच क्षणी सुटलेली फैर बिनचूक गटाचीही ४०० यार्ड तोकडी पडते, कारण १७,९०० सांगितलेले असतात आणि शत्रू १८,३०० वर असतो. यात गटाचा दोष नाही, हे मुलांना तिथेच सांगा. खरी परीक्षा पुढच्या फैरीची. ४०० वाढवून जुनीच रेषा चालू ठेवली तर चौथ्या मिनिटाला १७,७०० सांगितले जातात आणि गोळे ८०० यार्ड तोकडे पडतात. सव्वातीन मिनिटांपासूनचे बारा ठिपकेच घेऊन नवी रेषा धरली पाहिजे. जुनी रेषा छान बसलेली असते, म्हणून ती सोडवत नाही. रेषा धरणाऱ्याला हे आधी सांगू नका, पण फेरी संपल्यावर दोन्ही रेषा शेजारी ठेवून जरूर दाखवा.

खोलीच्या खिडक्या बंद ठेवा आणि पंचाचा कागद कुणाला दिसू देऊ नका. स्टेशनातल्या वादकांनाही बाहेरचं काही दिसत नसे. २४ मे १९४१ रोजी हूड बुडाली तेव्हा १,४१८ पैकी तिघे वाचले, आणि बँडमधलं त्यात कुणी नव्हतं. त्या महायुद्धात रॉयल मरीन्सचे २२५ बँडवादक मारले गेले. मुलांना हे फेरीच्या आधी सांगावं. मग ती आकड्यांकडे गांभीर्याने बघतात.

एक फेरी पाच मिनिटांची. प्रत्येक फेरीनंतर जागा बदला, पण पंच तोच ठेवा आणि पुढच्या फेरीसाठी वेगळ्या वेगाच्या चिठ्ठ्या आधीच तयार ठेवा.