तिन्हीसांजेची तिरंदाजी : कमी उजेडातला सराव कसा करावा

महाभारताच्या आदिपर्वात एक गोष्ट आहे. अर्जुन रात्री जेवायला बसलेला असतो, वाऱ्याने दिवा विझतो, तरी त्याचा घास बरोबर तोंडात जातो. हे ध्यानात आल्यावर तो अंधारात बाण सोडायला लागतो आणि प्रत्यंचेचा आवाज ऐकून द्रोण उठून येतात. लहानपणी ही गोष्ट मला एकाग्रतेची म्हणून सांगितली गेली. धनुष्य हातात आल्यावर कळलं, ती हाताच्या सवयीची आहे. साध्या धनुष्याला साईट, म्हणजे नेम धरायची खूण, नसते. दोरी ओढणारं बोट दर वेळी ओठाच्या कोपऱ्याला टेकतं, एवढाच आधार. आम्ही त्याला अँकर म्हणतो. घास जातो तिथेच बोट, आणि त्याला दिवा लागत नाही.

कमी उजेडातला सराव मुळात शिकाऱ्यांचा. हरणं झुंजूमुंजू आणि दिवेलागणीला हालचाल करतात, म्हणून अमेरिकेत अनेक राज्यांत शिकारीची वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत धरतात. आपल्याकडे तो विषय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपला आहे. त्या कायद्यात शिकारीचा नुसता प्रयत्नही शिकारच धरला जातो, आणि परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरणं हासुद्धा गुन्हा आहे. सोलापूरकरांनी हे जरा जास्तच लक्षात ठेवावं. नान्नजचं माळढोक अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि काळवीट, लांडगा, खोकड हे काही फक्त अभयारण्याच्या हद्दीत राहत नाहीत. म्हणून आपलं जनावर पोत्याचं किंवा फोमचं. थ्रीडी तिरंदाजीच्या स्पर्धेत फोमची जनावरं झाडीच्या सावलीत उभी असतात, अंतर कुणी सांगत नाही, आणि बेअरबो (बिनसाईटचं धनुष्य), लाँगबो (जुन्या पद्धतीचं लांब धनुष्य) वापरणाऱ्यांना ती 30 मीटरच्या आत असतात. संध्याकाळचा सराव तिथे सरळ उपयोगी पडतो.

जागा आणि पोतं

शेत स्वतःचं किंवा ओळखीच्याचं हवं. पोत्यामागे मातीचा उंच बांध किंवा बंद पडलेल्या मुरमाच्या खाणीची भिंत असावी. तिन्हीसांजेला गुरं घरी परततात, माणसं पाऊलवाटेने येतात, त्यामुळे ज्या बांधापलीकडून वाट जाते तो बांध बाद. एकट्याने जाऊ नका. दोघं असाल तर दोघांचे बाण संपल्याशिवाय कुणीही पोत्याकडे पाऊल टाकायचं नाही.

लक्ष्याच्या बाबतीत मात्र सोलापूरची चैन आहे. टॉवेलच्या कारखान्यांतून निघालेल्या चिंध्या बारदानाच्या पोत्यात पायाने दाबून ठासून भरा. सैल भरलंत तर बाण आरपार जाईल, घट्ट भरलंत तर चार बोटं रुतून थांबेल. सुरुवातीला त्यावर चुन्याने पाच रुपयांच्या नाण्याएवढा ठिपका काढा. बाणाला साधं गोल टोकच लावा, धारदार पात्याची या सरावात काहीच गरज नाही.

आधी डोळे मिटून

दिवसा 10 मीटरवर सहा बाण ताटलीएवढ्या जागेत बसत नसतील तर संध्याकाळच्या वाटेला जाऊ नका. अंधार चुका झाकत नाही, त्या पक्क्या करतो.

ते जमलं की पोत्यापासून दोन मीटरवर उभे राहा. बाण लावा, पोत्याकडे नीट तोंड करा, मग डोळे मिटा. ओढा, अँकर, सोडा. बाण कुठे लागला याकडे बघायचं नाही. बोट ओठाच्या कोपऱ्याला टेकलं का, पाठीचे स्नायू ओढत राहिले का, सोडल्यावर धनुष्याचा हात खाली पडला का, एवढंच जाणवू द्या. रोज 20 बाण असे, निदान दोन आठवडे. कंटाळवाणं आहे हे कबूल. माझ्या ओळखीतले निम्मे लोक इथेच सोडून देतात.

याच काळात बाण चाचपून लावायला शिका. भात्यातून बाण काढायचा, अंगठ्याने त्याच्या पिसांतलं वेगळ्या रंगाचं पीस शोधायचं, बाणाच्या शेपटाची खाच दोरीवर बसवून दोरीवरच्या पितळी कडीला भिडवायची, सगळं न बघता. पण अंधारात रंग बोटांना कळत नाही. म्हणून मी खाचेवर त्या पिसाच्या बाजूला फेव्हिक्विकचा एक थेंब वाळवून ठेवतो. तो टणक थेंब अंगठ्याला लागला की ते पीस धनुष्यापासून बाहेरच्या बाजूला आहे हे कळतं. खाच दोरीवर 'टक्' करून बसल्याची खात्री झाल्याशिवाय ओढू नका. खाच निसटून दोरी रिकामी सुटली तर धनुष्याच्या भुजा तडकू शकतात.

घड्याळाकडे बघा

सोलापूरला सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या सुमारास आणि मेअखेर सातच्या थोडा आधी होतो. त्यानंतर कामाचा उजेड साधारण 22 ते 24 मिनिटंच टिकतो. उत्तरेकडच्या थंड देशांत संधिप्रकाश लांबतो, त्यामुळे तिकडच्या शिकाऱ्यांचं वेळापत्रक जसंच्या तसं उचललं तर आपण काळोखात उभे राहतो.

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोहोचा. पहिले 12 बाण स्वच्छ उजेडात, 15 मीटरवरून. सूर्य बुडाल्यावर 10 मिनिटांनी सहा, आणखी पाच-सात मिनिटांनी 10 मीटरवरून सहा. संपलं. प्रत्येक फेरी वेगळी लिहून ठेवा, नाहीतर उजेडाने बिघडवलं की दमलेल्या खांद्याने, हे कळणार नाही.

मधल्या वेळात मोबाईल खिशात. अंधाराला सरावायला डोळ्यांना 20 ते 30 मिनिटं लागतात आणि एक व्हॉट्सअॅप ती कमाई घालवतं. चष्मेवाल्यांनी नंबर ताजा ठेवावा, कारण मंद उजेडात बऱ्याच जणांना लांबचं आणखी पुसट दिसतं. पन्नाशीनंतर बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही, तेव्हा तरुण जोडीदाराला दिसतंय म्हणून आपल्यालाही दिसेल असं धरून चालू नका.

ठिपका

संध्याकाळी जास्वंद बघितलीय? फूल काळपट होतं आणि पानं उजळ वाटतात. कमी उजेडात डोळा लाल रंग आधी गमावतो. म्हणून लाल पिसं दिवसा झोकदार दिसली तरी संध्याकाळी निरुपयोगी. पांढरी किंवा पोपटी लावा.

डोळ्याची आणखी एक गंमत आहे. नजरेच्या ऐन मध्यावर अंधारात काम करणाऱ्या पेशीच नसतात. काळोख वाढला की ज्या ठिपक्याकडे टक लावाल तोच विरघळतो आणि नजर जराशी बाजूला नेली की परत दिसतो. चांदण्या बघताना हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. पण बाजूला बघून नेम धरता येत नाही. तेव्हा टक लावल्यावर ठिपका नाहीसा व्हायला लागला की तुमच्यापुरता दिवस मावळला, मग घड्याळात कितीही वाजलेले असोत.

जे लोक बाणाचं टोक आणि लक्ष्य यांतली फट मोजून नेम धरतात त्यांची पंचाईत लवकर होते, कारण काळ्या बांधापुढे काळं टोक हरवतं. टोकामागे बोटभर पांढरा रंग दिला तर पाच-सहा मिनिटं जास्त मिळतात. नुसत्या अंदाजाने सोडणाऱ्यांचं त्यामानाने बरं चालतं.

महिनाभराने चुन्याचा ठिपका पुसून टाका आणि पोत्याची एखादी सुरकुती निवडा. जनावराच्या अंगावर कुणी चुना लावून ठेवत नाही. फोमचं असलं तरी.

अंतराचा अंदाजही याच वेळी घोटवा. कडा पुसट झाल्या की हमखास गोंधळ होतो. जोडीदाराने पोतं हलवावं, तुम्ही आकडा मोठ्याने बोलावा, मग पावलं मोजावीत. बाण सोडायचासुद्धा नाही. मला हा खेळ बाण मारण्याइतकाच आवडतो.

न सोडलेला बाण

दर सहा बाणांतला एक पूर्ण ओढून, अँकर करून, बाण न सोडता दोरी सावकाश परत सैल करा. एकदा मी ओढून उभा असताना बांधाच्या सावलीतून एक कुत्रं पोत्यासमोर येऊन निवांत बसलं. ते आलं कधी, मला दिसलंच नव्हतं. बोटं आपसूक सुटायच्या बेतात होती. त्या दिवसापासून हा सहावा बाण आमच्या सरावात आला.

बाण शोधताना

निघताना बाण मोजा, परतताना मोजा. पोत्याजवळ जाईपर्यंत मंद लाल टॉर्च चालेल, पण गवतात शोधायचं असेल तर चांगला पांढरा टॉर्च, घोट्यावर जाणारे बूट आणि काठी. घोणस आणि फुरसं आपल्या माळावर आहेत, आणि उन्हाळ्यात त्यांचीही फिरायची वेळ हीच. गवतात हात घालून चाचपायचं नाही. बाण सापडला नाही तर तिथे काठी रोवून घरी जा.

सकाळी त्याच ठिकाणी आलात तर उजाडायच्या आधीचा सराव करून घ्या. क्रम उलटा ठेवा, आधी 10 मीटर, मग 15. थंडीत ज्वारी दवाने ओली असते आणि पिसं भिजली की चपटी होऊन बाण भरकटतो. भात्यावर प्लॅस्टिकची पिशवी उलटी घाला, आणि रात्रभर गवतात राहिलेला बाण पिसं वाळेपर्यंत वापरू नका.