पोस्टग्रेसक्यूएल: प्लॅनरचा अंदाज चुकला की क्वेरी रेंगते

पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये ग्राहक आणि ऑर्डर ही टेबलं जोडणारी क्वेरी इंडेक्स (रो पटकन शोधायची सूची) असूनही रेंगत होती. अशा वेळी नवा इंडेक्स टाकायची घाई करू नये. आधी 'एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ' लावून प्लॅन बघावा, म्हणजे प्लॅनरने (क्वेरी कशी चालवायची हे ठरवणारा डेटाबेसचा भाग) कोणती पद्धत निवडली ते कळतं. यात क्वेरी खरोखर चालते, म्हणून अपडेट-डिलीट असेल तर ट्रान्झॅक्शनमध्ये चालवून रोलबॅक करा, म्हणजे बदल मागे घ्या.

अंदाजे रो आणि प्रत्यक्ष रो ताडून पाहिल्या, तर दहापट फरक. अट होती जिल्हा पुणे आणि तालुका हवेली. प्लॅनर अटी स्वतंत्र धरतो: पुण्याचे 10 टक्के गुणिले हवेलीचे 2 टक्के, म्हणजे 0.2 टक्के. पण हवेलीतला प्रत्येक ग्राहक पुणे जिल्ह्यातलाच, म्हणजे खरं उत्तर 2 टक्के. रो थोड्याच येतील असं धरून प्लॅनरने नेस्टेड लूप (एका टेबलाच्या प्रत्येक रोसाठी दुसऱ्यात पुन्हा शोधणं) निवडला आणि आतला इंडेक्स स्कॅन हजारो वेळा फिरला. तिथे दिसणारा वेळ एका फेरीची सरासरी असते; 'लूप्स'ने, म्हणजे फेऱ्यांच्या संख्येने, गुणल्याशिवाय खरा खर्च कळत नाही. हे फार जणांच्या नजरेतून सुटतं.

'क्रिएट स्टॅटिस्टिक्स'ने या दोन कॉलमांवर 'डिपेन्डन्सीज' (एका कॉलमवरून दुसरा किती ठरतो ते नोंदवणारा) प्रकार लावला (आवृत्ती 10पासून सोय आहे) आणि लगेच टेबलावर 'अ‍ॅनालाइझ' चालवलं. त्याशिवाय आकडेवारी भरतच नाही. प्लॅनर हॅश जॉइनवर (एका टेबलाची हॅश सारणी एकदाच बनवून जोडणं) आला. 'पेक्षा मोठा'सारख्या अटींना मात्र हा प्रकार लागू पडत नाही.