रीस्टार्टच्या आधी पुरावा गोळा करा
मेनफ्रेमवर (मोठ्या संस्थांच्या अवाढव्य संगणकावर) कनेक्शन अडकलं की पहिला हात टीसीपी-आयपी, म्हणजे नेटवर्कची जोडणी सांभाळणारा प्रोग्रॅम, रीस्टार्ट करण्याकडे जातो. थांबा, रीस्टार्ट केलंत की पुरावाही गेला. आधी कनेक्शनचा तपशील दाखवणारी ‘नेटस्टॅट ऑल’ ही कमांड चालवून त्या कनेक्शनची स्थिती, रीट्रान्समिटचा (डेटा किती वेळा पुन्हा पाठवावा लागला त्याचा) आकडा आणि रांगेत पडून राहिलेले बाइट्स टिपून ठेवा. दोन मिनिटांनी पुन्हा तेच करा, कारण आकडा वाढतोय का हेच बघायचं असतं. मग फक्त त्या क्लायंटच्या, म्हणजे जोडणाऱ्या मशीनच्या, आयपी पत्त्याचा फिल्टर लावून पॅकेट ट्रेस (येणाऱ्या-जाणाऱ्या डेटाची नोंद) सुरू करा. फिल्टर विसरलात तर बफर (नोंदी साठवायची मर्यादित जागा) भरतो आणि नेमकं हवं तेच पुसलं जातं. पलीकडच्या सर्व्हरवरही त्याच वेळी ट्रेस घ्या. जुळवताना मात्र घड्याळ बघा: एकीकडे जीएमटी आणि दुसरीकडे भारतीय वेळ असेल, तर साडेपाच तासांचा फरक पडतो. त्यापायी माझी एक अख्खी रात्र गेली आहे.