जुन्या संगणकात मोठी हार्ड डिस्क बसवताना या चुका टाळा

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या माझ्या काकांचा 2009 सालचा संगणक अजून उत्तम चालतो आणि त्यात गणेशोत्सवातील मैफिलींची व व्याख्यानांची अनेक वर्षांची ध्वनिमुद्रणे आहेत. जागा संपली तेव्हा त्यांनी 4 टेराबाइटची हार्ड डिस्क आणली, स्वतः बसवली आणि संध्याकाळी मला फोन केला, "अरे, डिस्क अर्धीच वापरता येते आहे, उद्या दुकानदाराला परत करतो." मी त्यांना म्हटले, "काका, परत करू नका आणि तिच्यात अजून काही ठेवूही नका, मी येतो."

डिस्क निर्दोष होती. विंडोज 7 मध्ये तिचे दोन तुकडे दिसत होते, एक 2048 जीबीचा आणि दुसरा कसाही वापरता न येणारा 1678 जीबीचा. दोन्हींची बेरीज 3726 होते, आणि हीच 4 टेराबाइट डिस्कची खरी मोजणी आहे, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज 1024 च्या पटीत. म्हणजे जागा हरवलेली नव्हती, तिच्यापर्यंत पोहोचण्याची सोय चुकली होती. नवी डिस्क प्रथम जोडल्यावर विंडोज एमबीआर की जीपीटी (डिस्कच्या विभागांची नोंद ठेवण्याची जुनी आणि नवी पद्धत) असे विचारते, आणि काकांनी समोर आलेला एमबीआर तसाच स्वीकारला होता. एमबीआरमध्ये प्रत्येक विभागाची सुरुवात आणि लांबी 32 बिटांत नोंदवतात. 512 बाइटच्या सेक्टरने, म्हणजे डिस्कवरील सर्वांत लहान कप्प्याने, गुणले की ही मर्यादा सुमारे 2.2 टेराबाइटवर (विंडोजच्या मोजणीत 2048 जीबीवर) येऊन थांबते. जीपीटी निवडल्यास अडचण राहत नाही, परंतु एमबीआरवरून जीपीटीकडे जाताना विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये आधी सर्व विभाग पुसावे लागतात, म्हणून हा निर्णय डिस्क रिकामी असतानाच घ्यावा.

इथेच दुसरी चूक होते. जीपीटी केलेल्या डिस्कवरून विंडोज सुरू करायचे असेल तर यूईएफआय (संगणक सुरू करणारी नवी मूळ प्रणाली) लागते आणि त्या काळातील बहुतेक मदरबोर्डांवर केवळ तेच काम करणारे जुने बायोस असते. त्यामुळे जुनी डिस्क काढून सगळे काही नव्या डिस्कवर हलवण्याचा मोह आवरावा. विंडोज जुन्या डिस्कवरच राहू द्यावे आणि नवी डिस्क फक्त साठवणीसाठी ठेवावी, असे केल्यास विंडोज 7 ला बायोस असूनही जीपीटी डिस्क व्यवस्थित वाचता येते. विंडोज एक्सपीच्या 32 बिट आवृत्तीला मात्र ती वाचताच येत नाही, तेव्हा अशा संगणकासाठी 2 टेराबाइटपर्यंतचीच डिस्क घेणे शहाणपणाचे आहे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती आकडा चुकीचा दिसत असूनही डिस्क वापरायला घेण्याची. 3 टेराबाइटची डिस्क 746 जीबी दिसत असेल तर साटा कंट्रोलरचा (डिस्क जोडण्याच्या यंत्रणेचा) ड्रायव्हर किंवा यूएसबीची जुनी पेटी (डिस्क बाहेरून जोडण्याचे आवरण) 2 टेराबाइटपलीकडचा पत्ता समजू शकत नाही, असे बहुधा निघते. त्याहून जुन्या, 28 बिट पत्त्यांच्या संगणकांत हीच मर्यादा 137 जीबीवर होती. अशा ठिकाणी मर्यादेपलीकडे लिहायला गेल्यास पत्ता पुन्हा शून्यापासून मोजला जाऊ शकतो आणि नवी फाइल डिस्कच्या सुरुवातीच्या, म्हणजे फाइलींची यादी असलेल्या भागावर लिहिली जाऊ शकते. पडद्यावर कसलीही सूचना येत नाही, नुकसान नंतर कळते. म्हणून मौल्यवान सामग्री हलवण्यापूर्वी डिस्क निरुपयोगी फाइलींनी मर्यादेच्या पुढपर्यंत भरावी आणि त्या परत वाचून पडताळाव्यात. सेकंदाला 150 एमबी वेग धरला तरी 4 टेराबाइट लिहायला सात तासांहून अधिक लागतात, पण ही रात्र वाया जात नाही.

डिस्क फिरतच नसेल तर वीजपुरवठा पाहावा. सर्व्हरसाठी बनवलेल्या काही डिस्कना साटा पॉवरच्या तिसऱ्या पिनवर 3.3 व्होल्ट मिळाले की त्या बंदच राहतात, 3.3 व्होल्टची तार नसलेले मोलेक्स (जुन्या चार पिनांच्या वीजजोडणीचे) अडॅप्टर वापरल्यास त्या सुरू होतात. मात्र ओतीव प्लास्टिकची स्वस्त अडॅप्टर वितळल्याची उदाहरणे आहेत, त्यामुळे तारा दाबून बसवलेले अडॅप्टर घ्यावे.

बायोसमध्ये आयडीईऐवजी एएचसीआय (डिस्कशी संवाद साधण्याची जुनीऐवजी नवी रीत) करून पाहण्याचा सल्ला अनेकजण देतात. तसे केल्यावर जुने विंडोज निळ्या पडद्यावर 0x0000007B दाखवून थांबू शकते; तेव्हा विंडोज पुन्हा बसवण्याची घाई न करता ती सेटिंग पूर्ववत करावी. यूएसबी पेटीतून काढून आत बसवलेली डिस्क रिकामी दिसू लागली तर तिलाही फॉरमॅट करू नये, पेटीने सेक्टरचा आकार बदलून दाखवलेला असू शकतो, आणि त्याच पेटीत परत जोडल्यास फाइली बहुधा जशाच्या तशा दिसतात.

काकांची डिस्क आम्ही जीपीटी केली, रात्रभर भरून तपासली आणि मगच ध्वनिमुद्रणे हलवून दोन्हीकडच्या फाइली एकेक करून जुळवल्या. मूळ प्रती त्यांनी अजून पुसलेल्या नाहीत आणि दुसरी प्रत तयार होईपर्यंत त्यांनी त्या पुसू नयेत, असे मी सांगून आलो आहे.