कॉलेज वारंवार बंद पडतं तेव्हा नेमकं काय बुडतं?

पुण्यात नव्याने बीएस्सीला आलेल्यांसाठी हे लिहितोय. माझा प्रवेश २०१९चा, विषय रसायनशास्त्र. कोरोनामुळे मार्च २०२०मध्ये कॉलेजं बंद झाली, ऑक्टोबर २०२१मध्ये उघडली, जानेवारी २०२२मध्ये पुन्हा बंद झाली आणि फेब्रुवारीत परत सुरू झाली. पुढे अशी वेळ कशानेही येऊ शकते, म्हणून पाहिलेलं सांगतो.

सगळ्यांना काळजी असते सिलॅबसची. तो कसाही संपवला जातो, जादा तास लावून, एका आठवड्यात दोन युनिटं उरकून. खरं नुकसान प्रयोगशाळेत दिसतं. टायट्रेशनमध्ये, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून त्याची तीव्रता मोजताना, एका हाताने ब्युरेटची (खुणा असलेल्या उभ्या काचनळीची) तोटी सांभाळत दुसऱ्या हाताने फ्लास्क फिरवायचा असतो आणि फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा फिकट गुलाबी रंग टिकला त्याच थेंबाला थांबायचं असतं. रंग गडद झाला की ते रीडिंग बाद. व्हिडिओत रंग दिसतो, थेंबावरचा ताबा मिळत नाही. आमच्यात जर्नल (प्रयोगवही) पूर्ण, सही-शिक्क्यासकट असलेली मुलं होती, पण रीडिंगआधी तोटीखालचा हवेचा बुडबुडा काढायचा असतो हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. त्यांचा त्यात काय दोष?

दुसरं नुकसान परीक्षेमुळे झालं. ऑनलाइन एमसीक्यूमध्ये चारांतलं बरोबर उत्तर ओळखलं की भागायचं. लेखी पेपर परत आले तेव्हा डेरिव्हेशन (सूत्राची सिद्धता) कोऱ्या पानावर पहिल्या ओळीपासून मांडताना भलेभले अडले. म्हणून वर्ग ऑनलाइन असले तरी रोज एक उत्तर हाताने, घड्याळ लावून लिहा. अप्पा बळवंत चौकातली तयार उत्तरांची पुस्तकं पास करतील, पण एमएस्सीला गेल्यावर पाया कच्चा असल्याचं कळतं.

बीड, नांदेडकडून आलेल्या मित्रांचे हाल जास्त झाले. दोन कपडे घेऊन गावी गेले, पुस्तकं हॉस्टेलच्या खोलीत अडकली आणि घरी रेंज नाही. बंदची नुसती कुणकुण लागली तरी मुख्य विषयांची पुस्तकं सोबत न्या, सिलॅबस मोबाइलमध्ये उतरवून ठेवा.

कॉलेज उघडल्यावर सुटलेलं सगळं एकदम भरून काढायला जाऊ नका. पुढचं ज्यावर उभं आहे ते आधी धरा. मोल आणि नॉर्मॅलिटी (पदार्थाचं प्रमाण आणि द्रावणाची तीव्रता सांगणारी मापं) पक्की नसेल तर एकही द्रावण नीट बनत नाही. रासायनिक समतोल कळला नसेल तर बफर, म्हणजे आम्लता फारशी बदलू न देणारं द्रावण, डोक्यावरून जातो.

प्रॅक्टिकल मात्र मागून घ्यावंच लागतं, आणि ते मागताना संकोच नको. वर्षाला किमान १८० दिवस अध्यापन व्हावं, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचाच निकष आहे. विभागप्रमुखांना तोंडी सांगितलेलं वेळापत्रकाच्या गडबडीत राहून जातं. लेखी अर्ज द्या, त्यात बॅच, सुटलेल्या प्रयोगांची नावं आणि प्रयोगशाळा कोणत्या दुपारी रिकामी असते तेही लिहा. ही शेवटची माहिती लॅब असिस्टंटकडे हमखास मिळते.